होडीचा हुकूम

शनिवारी सेबेस्टियन ओट्यावर जाळं पसरून बसला होता. मासेमारी बंदीचे दिवस. मोठी बोट किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झोपलेली, आणि हाताला काम कमी असलं की सेबेस्टियनच्या जिभेला ते फार असे. ठाण्याच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेली त्याची मुलगी डायना सुट्टीला पाचूबंदरच्या कोळीवाड्यात घरी आली होती.

“एवढी कपाटं भरून पुस्तकं तुझ्याकडं,” तो म्हणाला, “आन एका पुस्तकात गाठ कशी मारायची ते नाय?”

“असेल. शोधावं लागेल.”

“शोध. तवर मी जाळं पुरं करतो.”

आतून डायनाच्या आईने, मार्गारेटने विचारलं, सुकटीच्या चटणीला मीठ पुरेसं आहे का. डायनाने चाखून जास्त झालंय म्हणून सांगितलं. सेबेस्टियनने न चाखताच बरोबर झालंय म्हणून सांगितलं. त्या दिवसात आणखी काही घडलं नाही.

रविवारच्या पावसात पूर्वेकडच्या वसाहतींत पाणी शिरलं. टीव्हीवर बुडालेले तळमजले दाखवत होते. सेबेस्टियन पडद्याशी भांडत होता. “मिठागरं बुजवली, खाडी बुजवली. पान्यानं जायचं कुठं? यांच्या हॉलमंदीच ना!”

सोमवारी सकाळी तलाठी दारात आला. कालपासूनचे ओले कपडे, डोळे लाल. तहसीलदारांचा आदेश त्याने डायनाच्या हातात दिला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सेबेस्टियनची लहान होडी मदतकार्यासाठी अधिग्रहित करण्यात येत होती. किनाऱ्यावरून मोठ्या बोटीपर्यंत जायची ती फायबरची होडी. गल्लीबोळांतून तीच फिरू शकणार होती.

“अधी काय?”

“अधिग्रहित, पपा. सरकार काही दिवस ताब्यात घेतंय.”

“होडीला ग्रहन लागलं म्हन की. आन मी नाय म्हटलं तर?”

“काका, नाही म्हणता येत नाही,” तलाठी म्हणाला. “तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.”

“चालवायला माझं नाव हाय त्यात?”

डायनाने पुन्हा वाचलं. “नाही. फक्त होडी.”

“मंग जाऊ दे होडी एकटी. शानी हाय ती. मी जाळं शिवतो.”

आणि तो खरंच खाली मान घालून शिवत बसला. टेम्पोबरोबर आलेल्या माणसांनी होडी धरली आणि ती दगडांवरून ओढायला लागले. फायबर खरखरला.

“अरे ए भाड्यांनो! म्हैस वढताय काय? उचला, वर उचला!”

जाळं तिथेच टाकून तो धावला. होडी टेम्पोत चढवली, दोरी स्वतः बांधली, ढिली वाटली म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणि होडीशेजारी चढून बसला. डायनाने त्याचा रेनकोट वर फेकला.

“वाट लावतील हे हिची,” तो म्हणाला. “आदी खाडी बुजवा, मंग कोळ्यांना बोलवा! येतो मी.”

दुपारपर्यंत त्याने कितीतरी माणसं काढली. एका सोसायटीच्या फाटकाशी होडीचा तळ लागला. तळ लागला की काय करायचं, हे पाचूबंदरला कुणी कुणाला विचारत नाही. अनवाणी पायांनी बाजूने उडी मारायची आणि खांदा लावून ढकलायचं. खाली चिखल असतो, जन्माच्या ओळखीचा. सेबेस्टियनने तेच केलं. तिथे पाण्याखाली गटाराच्या चेंबरवर झाकण नव्हतं. होडीत बसलेल्या म्हातारीला वाटलं, काका काही उचलायला वाकले. ते पुन्हा वर आले नाहीत.

आदेशाची मुदत संपली तशी होडी परत आली. धुऊन, पुसून, एक चराही न पडता.

त्या सोमवारी सेबेस्टियन निघाला तेव्हा मार्गारेट आत होती. बाहेर येईपर्यंत तिला दिसला तो वळणावरचा टेम्पो आणि त्यात ताठ बसलेला नवरा. भेटायला येणाऱ्यांना ती सांगू लागली, “लोकं बुडतात आयकलं आन एक शब्द न बोलता उठला.” पेपरात आलं, स्वतःहून होडी दिली. फादरनीही चर्चमध्ये मिस्सात तेच सांगितलं. डायना चहा आणून ठेवायची आणि गप्प बसायची. ती गोष्ट सांगितली की आईला रात्री झोप लागत होती; तेवढ्यासाठी गप्प राहणं जमत होतं. पण ऐकून ऐकून ती थकली. गोष्टीतला माणूस दिवसेंदिवस गोड होत चालला होता, आणि ओट्यावर बसून पडद्याशी भांडणारा माणूस तिला आठवावा लागत होता. घरात त्या माणसाची आठवण काढायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर चर्चच्या हॉलमध्ये त्याचा मरणोत्तर सन्मान झाला. समारंभाला आलेले सरकारी अधिकारी मनापासून बोलले. अधिकार हाती होते, पण वापरायची वेळच आली नाही, असं म्हणाले. सेबेस्टियनकाकांनी मागण्याआधीच होडी दिली. मागे उभ्या तलाठ्याने मान खाली घातली. मग डायनाला दोन शब्द बोलायला बोलावलं.

ती तयारी करून आली होती. पहिल्या रांगेत आई हातात शाल धरून तिच्याकडे बघत होती.

“पपांनी होडी दिली नव्हती,” डायना म्हणाली. “ती कायद्याने घेतली. घ्यायलाच हवी होती, माणसं बुडत होती. पण पपांना जायचं नव्हतं. ते लोकांसाठी उठले नाहीत, होडीसाठी उठले. तिथे समोर माणसं दिसली, म्हणून माणसं काढत राहिले.”

हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डायनाने माइक बाजूला केला.

“मम्मी, तू आत होतीस. पपा शिव्या देत गेला गं. टेम्पो वळेपर्यंत देत होता.”