चावीवालीची फटफटी

“गेला!” चावीवाली म्हणाली आणि हातातला पाना तिने पायरीवर आदळला.

“काय गेलं?” आतून नवऱ्याने शिलाईमशीन न थांबवता विचारले.

“आटा गेला हो. बोल्ट नुसता गरागरा फिरतोय.”

मशीन थांबले. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या अशा अवतारात नवरा दारात आला. व्हरांड्यात सायकल दोन पोत्यांवर उलटी ठेवलेली होती, चाके आभाळाकडे करून. शेजारी वर्तमानपत्रावर कोबीच्या गड्ड्याएवढे एक इंजिन. गवत कापायच्या मशीनचे ते इंजिन भंगारवाल्याकडून आणल्याला आज तीन रविवार झाले होते आणि तिन्ही रविवारी ते चावीवालीने उघडून पुन्हा बंद केले होते.

“किती आवळलास?”

“नेहमीसारखाच.”

“म्हणजे मेलाच तो,” नवरा टाचण्या काढून म्हणाला.

तिला चावीवाली म्हणत ते काही उगाच नाही. पाणीखात्यात सव्वीस वर्षे ती पाण्याच्या चाव्या सोडत होती. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन सायकलवरून जाणारी ही बाई सगळ्या गावाने पाहिली होती. आणि पाण्याच्या माणसाकडे सगळ्या रोगांवर औषध एकच असते. गळतेय? आवळा आणखी अर्धा फेरा. अजून गळतेय? आणखी अर्धा. लोखंडी पाइप बिचारा सोसतो, बोलत नाही. इंजिनाचे अॅल्युमिनियम मात्र नाजूक तब्येतीचे निघाले. तिने प्रेमाने अर्धा फेरा जास्त दिला आणि त्याने मान टाकली.

“अति तिथं माती,” नवरा म्हणाला. “अगं, मशीनचं टेन्शन जास्त झालं की दोरा तुटतो. हे गोणपाट नाही, मलमल आहे. दोन बोटांनी आवळ. पंजा लावायचाच नाही.”

“तुम्ही शिंपी. तुम्हाला काय कळतंय इंजिनातलं?”

“तुला तरी काय कळतंय? पण दोरा कधी तुटतो ते मला कळतं.”

यावर तिने त्याला चहा करायला पाठवले.

हा सगळा खटाटोप एका गुडघ्यापायी चालला होता. डाव्या. खालच्या पंपघरात सकाळी सहाला पंप चालू करायचा आणि टेकडीवरच्या टाकीशी जाऊन वरच्या वस्तीची चावी सोडायची, हे तिचे काम. टाकी बरोबर अर्ध्या तासात भरते. तोवर चावी सोडली नाही, तर पाणी भिंतीवरून वाहून टेकडीखाली जाते. चावी आधीच सोडून ठेवली, तर टाकीत पाणी साठतच नाही आणि वस्तीच्या नळांना नुसता वारा येतो. तेव्हा सहा ते साडेसहा या वेळात पाइपलाइनच्या कडेची पायवाट चढून वर पोहोचायचे, याला दुसरा इलाज नाही. पंचवीस वर्षे ती सायकल रेटत, चढावर ढकलत पोहोचली. गेल्या वर्षापासून गुडघ्याने असहकार पुकारला. या तीन महिन्यांत टाकी चारदा वाहिली होती. वस्तीच्या वाट्याचे पाणी ओढ्याला गेले आणि बायका रिकाम्या बादल्या घेऊन परत फिरल्या. ते आठवले की तिला रात्री जेवण जात नसे.

मग साहेबांनी तिला बोलावले. साहेब तिच्या पोराच्या वयाचे. वाईट माणूस नव्हे.

“मावशी, एक तारखेपासून तुम्ही तक्रार खिडकीत बसा. पंख्याखाली. टाकीवर मोटरसायकलवाला माणूस देतो, तो रस्त्यानं वळसा घालून जाईल. तुमच्या गुडघ्यासाठीच म्हणतोय मी.”

“मी खिडकीत बसून काय करू, साहेब?”

“तक्रारी लिहून घ्यायच्या. पाणी आलं नाही, कमी आलं, असं.”

“म्हणजे आजवर मी पाणी देत होते, आता पाणी नसल्याचं लिहू?”

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला. ऑर्डर टाइप झाली होती, फक्त सही राहिली होती. चावीवालीने ती वाचली, घडी करून त्यांच्यापुढे परत ठेवली आणि म्हणाली, “महिनाअखेरीला तुम्ही स्वतः वर या. साडेसहाला टाकी वाहिली तर मी आपणहून खिडकीत बसते. नाही वाहिली, तर ह्या कागदावर रद्द लिहायचं.”

साहेब हसले. “गुडघा काय महिन्याभरात नवा येणार आहे?”

“ते माझं मी बघते.”

बोलून तर बसली. आता स्कूटर शिकावी म्हटले, तर ती पूर्वी दोनदा शिकायला गेली होती आणि दोन्ही वेळा शिकवणाऱ्याने हात जोडले होते. शिवाय पायवाटेवरच्या ओढ्याला दोन फळ्यांचा पूल, त्यावरून सायकलच जाणार. सायकल मात्र तिच्या हाडामासाची होती. तेव्हा सायकललाच इंजिन बसवायचे, असे तिने बाजारातून येता येता, भंगारवाल्याच्या दारात, ते गड्ड्याएवढे इंजिन पाहून ठरवले.

लेथवाल्याने मोठा आटा पाडून दिला. या खेपेला चावीवालीने बोल्ट दोन बोटांनी आवळले आणि उरलेली तीन बोटे नवऱ्याला दिसतील अशी वर धरली. मागच्या चाकाला आऱ्यांवर दुसरे दातेरी चक्र बसवले, त्यावर इंजिनाची साखळी चढवली. साखळी तिने तारेसारखी ताणली होती. नवऱ्याने बोट लावून पाहिले आणि मान हलवली.

“अर्धा इंच सैल ठेव. कपडा अंगाला चिकटून शिवला तर माणूस वाकलं की उसवतो.”

तिने सैल केली. खरे म्हणजे आता नवऱ्यालाही चटक लागली होती. बाजारातले दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाईक ब्लाऊजचे माप द्यायला घरी आले, तरी त्याचा एक डोळा व्हरांड्यात असे. पेट्रोलची बाटली बसवायला पट्टा त्यानेच शिवला, दुहेरी टाक्याचा. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे, तेही तो मापाच्या झाकणाने घेऊन तिला मोठ्याने सांगे, जसे काही पाळण्यातल्या बाळाचे औषधच आहे. शेजारच्या काकू मात्र रोज कुंपणावरून विचारत, “काय गं, उडणार कधी तुझं विमान?”

“घोडामैदान जवळच आहे, काकू!” ती म्हणे. आणि मनातून घाबरे.

पहिली चाचणी मैदानावर. रीत अशी की आधी पायडल मारून वेग घ्यायचा, मग क्लच सोडायचा, म्हणजे चाक इंजिनाला ओढते आणि इंजिन जागे होते. चावीवालीने दहा पायडल मारले, क्लच सोडला. सायकलने धक्का दिला, इंजिन म्हाताऱ्यासारखे खोकले आणि गप्प. पुन्हा दहा. पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा तिने डोळेच मिटले आणि क्लच सोडला, तर फट, फट, फट आवाजाने मैदानावरची कबुतरे उडाली आणि चावीवाली निघाली.

पाय जागचे हलत नव्हते आणि सायकल पळत होती! तिने मैदानाला एक फेरी मारली. दुसरी मारली. नवरा मधोमध उभा राहून तिच्याबरोबर गोल फिरत ओरडत होता, “थांब! अगं, थांब की!” पाचव्या फेरीला त्याला घेरी आली आणि तो खाली बसला. बाटलीतले पेट्रोल संपले तेव्हाच फटफट थांबली.

“ब्रेक बिघडला का?” तो धापा टाकत आला. “लावला का नाहीस?”

“कशाला लावू?” ती म्हणाली. “चालली होती की!”

तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते वाऱ्याने आले असेही ती म्हणाली नाही. इतका आनंद तिला थोरल्याच्या जन्मानंतर झाला नव्हता आणि थोरल्याच्या वेळी गुडघा चांगला होता.

महिनाअखेरीचा दिवस उजाडला. सहाच्या ठोक्याला तिने पंप चालू केला, लांब चावी सायकलच्या दांडीवरच्या नेहमीच्या हुकांवर अडकवली आणि दहा पायडल मारले. साहेब जीपने केव्हाच वर गेले होते. पंपघराच्या दारात नवरा उभा होता. निघण्याआधी त्याने पेट्रोलच्या पट्ट्याला हात लावून पाहिला होता.

पहिला चढ इंजिनाने हसत काढला. दुसऱ्याला जरा कुरकुर केली. फळ्यांच्या पुलावर तिने क्लच धरून दोन्ही पाय लोंबकळत ठेवले आणि सायकल हळूच पार नेली. पुढे शेवटचा चढ, टाकीखालचा, ज्याला पाहून उमेदीच्या वयातही ती आधी सायकलवरून उतरत असे.

अर्ध्यात इंजिनाचा आवाज जड झाला. फटफटचे फट... फट झाले. अॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळावी असे हाताला फार वाटले. पण तिने पिळली नाही. पाणी एकदम सोडले की पाइप फुटतो हे तिच्या हाताला सव्वीस वर्षे ठाऊक होते. तिने केसभर मूठ फिरवली, थांबली, आवाज ऐकला, पुन्हा केसभर. आणि उजव्या पायाने पायडल दाबायला लागली. डावा पाय नुसता बरोबर फिरत होता, पाहुण्यासारखा. “चल गं बाई,” ती सायकलला म्हणाली, “थोडंच राहिलंय, चल.” लोकांना वाटेल वेड लागले. पण त्या चढावर तिसरे कोणी नव्हते आणि त्या दोघींना एकमेकींचे चांगले कळत होते.

चढ संपला.

टाकीच्या कठड्यावर साहेब उभे होते. त्यांनी आधी आवाज ऐकला, मग चावीवाली पाहिली आणि त्यांचे तोंड उघडे राहिले ते राहिलेच. मग एकदम भानावर येऊन ते ओरडले, “मावशी, पाणी काठाखाली चार बोटांवर आलंय! लवकर उघडा!”

तिने इंजिन बंद केले, सायकल भिंतीला टेकवली, लंगडत व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी गेली आणि चावी बसवली. पहिला फेरा दिला. थांबली.

“थांबता काय? तीन बोटं! फिरवा ना भराभर!”

“भराभर फिरवली तर खालचा जोड उडेल, साहेब. मग आठवडाभर कुणालाच पाणी नाही.”

दुसरा फेरा. थांबली. खाली पाइपात पाण्याची गुरगुर सुरू झाली. तिसरा. साहेब कठड्यावरून एक पाऊल मागे सरले, नवे बूट होते. “दोन बोटं, मावशी!” चावीवालीने वर पाहिलेसुद्धा नाही. हातातल्या लोखंडातून तिला पाणी कळत होते, किती निघाले, कुठवर गेले. चौथा, पाचवा, सहावा. साहेबांच्या कपाळावर घाम आणि हिच्या चेहऱ्यावर दूध तापवणाऱ्या बाईची सवड.

“एक बोट...” साहेब पुटपुटले. वाकून पाण्याकडे पाहत राहिले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, “थांबलं.” आणि थोड्या वेळाने, “उतरतंय हो! उतरतंय!”

कठड्याबाहेर एक थेंब पडला नव्हता. वरच्या वस्तीतून बादल्यांचे आवाज यायला लागले. कोणीतरी कोणाला तरी ओरडून सांगत होते की आलेय, आलेय, आज वेळेवर आलेय.

साहेब खाली उतरून सायकलभोवती एक चक्कर मारून आले. इंजिनाला बोट लावले, चटका बसला, बोट तोंडात घातले.

“हे कुणी बसवलं?”

“मीच. टेन्शन आमच्या ह्यांचं.”

साहेबांनी खिशातून ऑर्डर काढली. पेन काढले. लिहायला टेकण कुठेच नव्हते, भिंत ओली, जीप लांब. शेवटी त्यांनी कागद सायकलच्या सीटवर पसरला. चावीवालीने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरले, सायकल हलू नये म्हणून. साहेब कमरेत वाकले आणि सीटवर ठळक अक्षरांत “रद्द” लिहून खाली सही केली.

“वहीत वाहन म्हणून काय लावू?” त्यांनी विचारले. “फटफटी म्हणू?”

“सायकलच लावा,” ती म्हणाली. “पायडल आहेत तिला.”

उतारावर तिने इंजिन चालूच केले नाही. वारा कानांत भरून घेत ती खाली आली. पंपघराच्या दारात नवरा तिथेच उभा होता, टेप गळ्यात. सहापासून तो टाकीची भिंत बघत होता. भिंत ओली झाली की सकाळच्या उजेडात चकाकते, लांबूनही दिसते. आज ती कोरडीठाक राहिली होती, तेव्हा त्याला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

तरी तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला. मग पुन्हा वाचला, कपड्याची शिवण तपासावी तसा उजेडात धरून.

“दुकान उघडायला उशीर झाला,” तो म्हणाला.

“मग बसा मागे. सोडते.”

लग्नाला तीस वर्षे झाली होती. या तीस वर्षांत बायकोच्या मागे कॅरिअरवर बसायची वेळ शिंप्यावर आली नव्हती. त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. शेजारच्या काकू पंपघराच्या कुंपणाशी येऊन उभ्या होत्याच. त्याने टेप नीट गळ्याभोवती गुंडाळला आणि तो कॅरिअरवर बसला.

चावीवालीने दहा पायडल मारले, क्लच सोडला. इंजिन पहिल्याच झटक्यात लागले. सायकल दोघांना घेऊन काकूंसमोरून गेली, शाळेसमोरून गेली, बाजारात शिरली. माणसे वळून पाहू लागली. सुरुवातीला कॅरिअरची पट्टी धरून बसलेल्या शिंप्याने मग एक हात बायकोच्या खांद्यावर ठेवला.

“अगं,” तो फटफटीच्या वर आवाज काढून ओरडला, “दुकान मागे गेलं!”

“गेलं तर गेलं,” ती म्हणाली आणि मूठ केसभर फिरवली.

त्याने खांद्यावरचा हात काढला नाही.