नुमारोसच्या गळ्यातली पट्टी

कावासाकीतल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये आत येताना वाकून नमस्कार करायचा नाही, असा क्लबचा नियम. डरकाळी फोडायची, जुन्या सिनेमातल्या नुमारोस राक्षसासारखी. पन्नाशीचे, टकलू, पोट सुटलेले बाप्ये दारात बूट काढतात आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात. शेजारच्या खोलीत फुलं मांडायला शिकणाऱ्या बायका आता दचकतसुद्धा नाहीत.

कुराताची डरकाळी सगळ्यात भारी. पण या वेळी त्याच्या घशातून नुसती हवा आली.

"काय रे, राक्षसाला सर्दी झाली का?" निशिवाकी म्हणाला. निशिवाकी म्हणजे क्लबचा सेक्रेटरी, आणि कुराताचा वीस वर्षांचा वैरी.

समोर पांढऱ्या चादरीखाली कुराताचा नुमारोस उभा होता. दलदलीतून उठून अख्खं टोकियो तुडवणारा, सिनेमातला तोच रबरी पोशाख. म्हणजे कुराता तसं म्हणायचा. निशिवाकी म्हणायचा, हट, हा नंतर दुकानांच्या उद्घाटनाला नाचवायला बनवलेला. कुराताने घरातला एकुलता एक एसी रबर विरघळू नये म्हणून त्या खोलीत लावला होता. बायकोने दोन उन्हाळे घाम पुसला. तिसऱ्या उन्हाळ्यात माहेरी गेली, ती गेलीच.

आज निकाल लागणार होता. पन्नास वर्षांपूर्वी त्या पोशाखाच्या आत जो माणूस होता, तो हामातानी, आज स्वतः आला होता. वय चौऱ्याऐंशी. इतकी वर्षं बोलावून आला नाही आणि आता आपणहून फोन केला, पोशाख बघायचाय म्हणून.

आधी सिनेमा लावला. सगळ्यांना पाठ. मनोरा पडायच्या आधी पोरांसारखे मांड्यांवर ठेके धरतात. मनोऱ्याला शेपटी लागते, नुमारोस गर्रकन वळतो आणि पाठीवरची चेन डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसते. "चेन दिसलीऽऽ!" सगळा हॉल उठून टाळ्या. एकाच्या डोळ्यात तर पाणी. दुसऱ्या कुणाला ही चूक वाटेल. यांना तिथेच देव दिसतो.

हामातानी काठीवर हात ठेवून बसला होता. "मला यातलं काही दिसलं नव्हतं," तो म्हणाला. "आत काळोख असतो. बुटातून पेलाभर घाम ओतायचो, परत आत."

चादर काढली. म्हाताऱ्याने पायाची नखं चाचपली, काटे चाचपले.

"बोला ना हामातानी सान," निशिवाकीला दम निघेना. "खरा, की दुकानातला?"

"मागून उघडा."

कुराताने चेन खाली ओढली. म्हाताऱ्याने कोपरापर्यंत हात आत घातला, गळ्याच्या बाजूला. बराच वेळ शोधत राहिला.

"इथे पट्टी होती."

"कसली पट्टी?"

"रबर गळ्याला कापायचं. रोज रक्त. मग फुमिनोने, माझ्या बायकोने, लग्नातल्या किमोनोचा पट्टा कापला आणि आतून शिवून दिला. निळा, त्यावर पांढरे बगळे. स्टुडिओला पत्ताच नव्हता. ती गेली. मग घर जळलं. तिच्या हातचं कुठे काही उरलं असेल तर तेवढंच." म्हाताऱ्याने हॉलभर नजर फिरवली. "त्यासाठी आलो. तुमच्या राक्षसाचं मला काय करायचंय?"

कुराताला ती आठवली.

निळी पट्टी. तीन वर्षांपूर्वी, पोशाख साफ करताना सापडली होती. घामाने पुठ्ठ्यासारखी कडक झालेली. त्याने सिनेमाचे दोनशे फोटो भिंग लावून बघितले होते, एकातही पट्टी नाही. आतली पट्टी फोटोत दिसणार कशी, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. वहीत त्याने लिहिलं, 'नंतरच्या कुणा गाढवाचं काम. काढली.' छोट्या कात्रीने एकेक टाका कापला, रबराला ओरखडा न उठवता. मग वॉर्डाचा कचऱ्याचा तक्ता घेऊन बसला. कापड स्वच्छ असेल तर वेगळं, मळकं असेल तर जळाऊ कचऱ्यात. मळकं होतं. मंगळवारी, जळाऊ कचऱ्याच्या दिवशी, पिशवीला गाठ मारून कोपऱ्यावर ठेवून आला.

ती वही आत्ता त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. नुसती काढून दाखवायची, निशिवाकीचं तोंड कायमचं बंद. नुमारोस खरा. आणि मग या म्हाताऱ्याने विचारलं असतं, पट्टी कुठंय?

"काय रे कुराता, होती का पट्टी?" निशिवाकीने विचारलं.

म्हातारा त्याच्याकडे बघत होता. आशेने. तेच नको होतं.

"नाही," कुराता म्हणाला. "काहीच नव्हतं आत."

"दुकानातला!" निशिवाकीने हात वर केले. कुणीतरी खी खी हसलं.

म्हाताऱ्याने हात बाहेर काढला. बोटांना रबराची काळी भुकटी लागली होती, ती रुमालाने पुसली. कुराताने सहीसाठी आणलेला चंदेरी पेन तसाच टेबलावर होता.

"दुसऱ्याच्या कातड्यावर माझं नाव कसं घालू?" म्हातारा म्हणाला. मग त्याने कुराताच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला फसवलं कुणीतरी. असतात असले हरामखोर."

कुराताने मान हलवली. हो म्हणाला.

म्हातारा काठी टेकत गेला. पाचला हॉल रिकामा करायचा होता, खुर्च्या दुमडायला सुरुवात झाली. कुराताने चेन लावायच्या आधी गळ्यापाशी बोट आत घातलं. सुईची भोकं होती. ओळीने, बारीक, एकासारखं एक अंतर. चौऱ्याऐंशीच्या बोटांना ती लागली नव्हती.

त्याने चेन वर ओढली.

"चेन दिसलीऽऽ!" मागून निशिवाकी ओरडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.