ट्रेलरचा डावा दिवा

"ही गोष्ट कुणाला पटायची न्हाय, आन् पटलीच तर माझी चूक," असं म्हणून मंद्रूपच्या सिदूनं भरदुपारी ओसरीवर मांडी ठोकली. ऐकायला समोर एकटा शेजारचा शिवप्पा. पण गोष्ट शिवप्पासाठी नव्हतीच. सिदू बसला होता आतल्या खोलीच्या खिडकीला पाठ लावून, आणि आवाज असा चढवला होता की वेशीपर्यंत जावा.

खिडकीच्या आत खाटेवर त्याची सासू होती, बसम्मा. खुब्याचं हाड मोडलेलं, घरी बघणारं कुणी नाही, म्हणून अक्कलकोटच्या पलीकडच्या गावाहून तिला आणून आज नऊ दिवस झाले होते. जावयासमोर सासूनं तोंड उघडायचं नाही ही त्यांच्याकडची रीत, त्यात लेकीच्या दारी येऊन पडल्याची लाज. म्हातारी भिंतीकडं तोंड करून निजायची. कालपासून तर घोटभर ताकावर होती. सिदूची बायको मायाक्का चुलीपाशी बसून गुपचूप डोळे पुसायची. ते बघून सिदूनं ठरवलं होतं, म्हातारीच्या तोंडून एक शब्द काढायचाच. शिवी निघाली तरी चालेल. बोलली तर जेवेल.

तर गोष्ट अशी. बसम्माला एस.टी.त बसवणं शक्य नव्हतं. सिदूकडं लिलावात घेतलेली म्हातारी जीप होती, आणि मेंढरं न्यायचा दोन चाकी ट्रेलर. ट्रेलरमध्ये खाट मावत होती. पण त्याला मागं दिवा नव्हता. खाट हिसकू नये म्हणून बैलाच्या चालीनं यायचं म्हटल्यावर वाटेत अंधारणारच, आणि मागून येणाऱ्या ट्रकला काय दिसणार? मायाक्कानं सांगून टाकलं, बिनदिव्याच्या गाडीत माझी आई बसणार नाही.

सिदूनं ट्रेलर सोलापुरात एका फिटरकडं नेला. कशासाठी हवंय ते सासूच्या हाडापासून सगळं सांगितलं. फिटरनं एक तार इथं लावली, एक तिथं लावली, आणि मान हलवून म्हणाला, "इसकू अर्थ नै, मामू."

सिदूचं टाळकं सणकलं. माझ्या सासूला आणण्यात अर्थ नाही म्हणणारा हा कोण? त्यानं दोन दिवे, तारेचं वेटोळं आणि चिकटपट्टी घेतली आणि तडक घरची वाट धरली.

तीन दिवस तो जीपखाली उताणा होता. तांबडी तार मागच्या दिव्याला, हिरवी उजव्या बाजूच्या इशाऱ्याच्या दिव्याला, पिवळी डाव्याला, आणि काळी ट्रेलरच्या लोखंडाला. तारा लोंबू नयेत म्हणून सुतळीनं दांड्याला बांधल्या. एका दिव्याची काच फुटकी निघाली, तर मायाक्कानं आपल्या कुंकवाच्या डबीचं लाल झाकण काढून दिलं.

मग तपासणी. सिदू पुढं कळीपाशी, मायाक्का मागं ट्रेलरपाशी. "डावीकडची कळ दाबावी, तर उजवा दिवा लुकलुकायचा," सिदू शिवप्पाला सांगत होता, "आन् ही मागनं वरडायची, यडा! पुन्ना तारा सोडल्या, पुन्ना जोडल्या, पुन्ना डावी कळ. पुन्ना उजवा दिवा. पुन्ना, यडा!"

लग्नाला अकरा वर्षं झाली, दुष्काळ काढला, पण अशी बेअब्रू झाली नव्हती, असं सिदूचं म्हणणं. तो दोन दिवस रुसला, भाकरीला शिवला नाही. शिवप्पानं इथं जरा डोकं खाजवलं, कारण त्या दोन दिवसांत सिदू त्याच्याच घरी जेवून गेला होता. 

शेवटी मायाक्कानंच समजूत काढली. तिच्या माहेरच्या कानडीत डाव्याला 'यडा' म्हणतात. ती बिचारी दिव्याचं सांगत होती, आणि हा खुळ्यासारखा स्वतःवर ओढून घेत होता. राग पळाला. पुन्हा जीपखाली शिरून सिदूनं बघितलं, तर काळी तार ट्रेलरच्या जाड रंगावरच आवळलेली. रंग खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट पुन्हा आवळला, आणि सगळे दिवे शहाण्यासारखे लागले. फिटर ज्या अर्थाबद्दल बोलत होता तो हाच, लोखंडाचा, ज्याला वायरमन अर्थिंग म्हणतात.

"आन् परत येताना, शिवप्पा, दिवा असा लाल पडला की मागं अकरा ट्रक रांगेनं आले. एकबी पुढं जाईना. वाटंतल्या वळसंगात पहाट झाली समजून कोंबडी आरवली. आन् खाटेवर माझी सासू, पालखीतल्या देवीवाणी."

शिवप्पानं कोंबडीची थाप पण गिळली.

आत खाट करकरली.  मान वळवायचं सिदूला धाडस झालं नाही. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज बंद पडला होता.

"अळिया," खिडकीतून आवाज आला, जावयाला कानडीत मारलेली हाक, नऊ दिवसांच्या मुक्या घशातून खरखरत. बसम्माला मराठी बाजारापुरतीच यायची, पण हिशोबाला ती पक्की होती. "उजवा दिवा लागला म्हणतो तू. उजव्याला आमच्यात बला म्हणत्यात. यडा न्हाय."

मग जरा दम खाऊन म्हणाली, "माझी लेक दिव्याला न्हाय म्हणली. तुलाच म्हणली."