मागच्या चिमट्यावरची टेप

पहाटे पावणेपाचची बस तुम्ही बससेवावाल्यांनी बंद केलीत. तोट्याचं कारण पुढे केलंत. खरं कारण एवढंच की तिच्यात बसणाऱ्यांपैकी एकही माणूस तुमच्या ओळखीचा नव्हता. धुणारी, पुसणारी, भट्टीसमोर उभी राहणारी, रात्रपाळीच्या रखवालदाराला सोडवायला जाणारी अशी चौदा-पंधरा डोकी. थांब्यावर तुम्ही 'हिवाळी वेळापत्रक' असा कागद चिकटवलात, तोही अशा उंचीवर की बुटक्या माणसाची मान मोडावी. तक्रार घेऊन आलेल्यांच्या हातात अर्ज ठेवलेत. अर्जात 'प्रवासाचे कारण' असा रकाना होता. उणे बारा अंशांत पहाटे पावणेपाचला माणूस घराबाहेर का पडतो, हे तुम्हाला लेखी हवं होतं.

त्या चौदा-पंधरांत फिटरची लेक होती.

फिटर हे काही त्याचं नाव नव्हे. पण पस्तीस वर्षं लोखंडी सांगाड्यांच्या कारखान्यात घासण्या-जोडण्याचं काम केल्यावर आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावरही इमारतीत त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. बायको रागावली की "अहो फिटर" म्हणायची आणि लाडात आली तरी तेच. फरक फक्त आवाजात. लेक चौतीस वर्षांची. रुग्णालयाच्या धुलाईघरात साडेपाचच्या पाळीला जायची. घरापासून सात किलोमीटर, मध्ये नदीवरचा चढा पूल. आता पहिली बस सहा दहाला. दोनदा उशीर झाला तेव्हा मुकादम बाईने सांगून टाकलं की तिसऱ्यांदा झाला तर पाळी दुसरीला. हे लेकीने घरी जेवता जेवता सांगितलं, उद्या हवा ढगाळ आहे असं सांगावं तसं. कोणी घास थांबवला नाही. त्या घरात वाईट बातमी अशीच ताटात वाढली जायची आणि तशीच संपवली जायची.

हात धुऊन आल्यावर फिटर म्हणाला, सायकल बांधू.

तळघरात एक सायकल पडून होती. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू जाताना टाकून गेलेली, फिकट पोपटी रंगाची, रुंद सीटची, बैलाच्या शिंगांसारख्या मागे वळलेल्या हँडलची. समुद्रकिनाऱ्यावर हवा खात फिरायला बनवलेला प्रकार. बायको तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, हिच्यावर बसून माणूस कामाला जात नाही, कामावरून पळून जातो.

पण सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. फिटरला त्या धातूचा भारी तिटकारा. भांड्यांचा धातू, म्हणायचा, माणसं याची करतात ती फक्त झाकणं. तरी एक गोष्ट त्याला मान्य करावी लागली: रस्त्यावर बर्फ वितळवायला जे मीठ टाकतात ते लोखंडाला एका हिवाळ्यात खाऊन टाकतं, याला सहजी खात नाही. शिवाय चाकं धरणाऱ्या चिमट्यांत जागा भरपूर, जाड टायर बसतील. त्याने सायकल वर आणली, बाहेरच्या खोलीत जुनी चादर अंथरली, आणि चार दिवस ती खोली कारखाना झाली.

सीटची दांडी सांगाड्यात घट्ट धरली होती. तिला दोन दिवस तेल पाजून, मग लांब नळी अडकवून त्याने फिरवली. निघताना ती डुकरासारखी ओरडली आणि शेजारीण दार वाजवून विचारून गेली की सगळे ठीक आहेत ना. बेअरिंगमधलं ग्रीस थंडीत मेणासारखं घट्ट झालेलं. ते खरवडून काढलं, पातळ घातलं. मडगार्ड प्लास्टिकच्या जुन्या पिंपातून कापले. बायकोने फाटक्या कोटाच्या दोन बाह्या हँडलवर शिवल्या, लेकीने त्यात हात खुपसून सायकल चालवायची. टायरना खिळे हवेत म्हणून प्रत्येकात एकशे दहा बारीक स्क्रू आतून बाहेर पिळले, वर जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे स्क्रूची डोकी आतली ट्यूब फाडणार नाहीत.

दुसऱ्या टायरच्या मध्यावर बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, रक्त येतंय. फिटरने बघितलं. अंगठ्यात स्क्रू घुसला होता, टायरवर ओघळ आला होता. तो म्हणाला, कळलं मला, आणि अंगठा पँटीला पुसला.

त्याला कळलं नव्हतं. कारखान्यातल्या ग्राइंडरच्या थरथरीने त्याच्या बोटांतली जाण गेली होती. आधी थंडीत टोकं पांढरी पडायची, मग मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. याला सहा वर्षं झाली. कारखान्यात अशा हाताला 'मेलेला हात' म्हणत, हसत, आणि हात मेलेल्या माणसाला गोदामात पोती मोजायला बसवत. म्हणून फिटर गप्प बसला. पुढे कारखाना सुटला, गोदामाची भीती सुटली, हसणारे सुटले. गप्प बसणं तेवढं सुटलं नाही. शर्टाची बटणं तो बघून लावायचा. चहा किती गरम आहे ते वाफेवरून ठरवायचा. दोन-तीन कप फुटले तेव्हा बायकोने त्याचा धसमुसळेपणा काढला आणि त्याने तो कबूल केला. बायको-लेकीसमोर वेंधळा ठरणं त्याला चाललं.

चौथ्या दिवशी दुपारी राहिलं होतं फक्त मागचं चाक. मूळच्या चाकाला एकच वेग. त्या वेगावर लेक पुलाचा चढ चढली नसती. बायकोच्या जुन्या लोखंडी सायकलचा सांगाडा गंजून चाळणी झाला होता, पण तिचं मागचं चाक शाबूत होतं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, पोटात तीन गिअर, पायडल उलटं दाबलं की ब्रेक. बर्फात याहून बरं काय. अडचण एवढीच की ते हब सात-आठ मिलिमीटर जास्त रुंद होतं. चिमट्यात बसेना.

लोखंडाचा चिमटा पसरवणं म्हणजे फिटरच्या डाव्या हातचा मळ. आटे पाडलेली सळई चाकाचा आस बसतो त्या दोन्ही खाचांत अडकवायची, आतल्या बाजूने नट लावायचे, पान्याने एकेक फेरा द्यायचा. लोखंड कुरकुरतं, मग मुकाट सरकतं, आणि सरकलं की तिथेच राहतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही. ते सरकल्यासारखं दाखवतं आणि जोडाजवळ चिरतं. फिटरला हे ठाऊक होतं. चार दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला याच धातूबद्दल शिव्या ऐकवत होता. पण हातांना पस्तीस वर्षांची सवय, आणि हात काही तोंडाला विचारून काम करत नाहीत. त्याने सळई अडकवली. नट फिरवले. सहाव्या फेऱ्याला 'टिक' असा आवाज आला, नख तुटावं एवढाच.

फिटर थांबला. टॉर्च लावला. उजव्या बाजूला, जिथे खालची नळी खाचेच्या पट्टीला जोडली होती तिथे, पोपटी रंगावर केसाएवढी रेघ होती. रंगही तडकतो असा. रंग की धातू, हे डोळ्यांनी ठरत नाही. नख फिरवायचं असतं. धातू चिरला असेल तर नख अडतं. फिटरने अंगठ्याचं नख फिरवलं. मग तर्जनीचं. कापूस कापसावर फिरवल्यासारखं. परत फिरवलं. काही नाही.

आतल्या खोलीत बायको बाह्या शिवत बसली होती. दहा पावलांवर दहा धडधाकट बोटं. हाक मारायची, म्हणायचं, जरा इथे नख लावून बघ. एवढंच काम होतं. पण मग ती विचारणार, तुम्ही का नाही बघत? आणि उद्या पहाटे लेकीला निघायचं होतं.

बसचा दोष तुमचा. इथून पुढचा तुमच्या गळ्यात मारायचा नाही. हा फिटरचा.

त्याने हाक मारली नाही. चाक बसवलं. रेघेवर चमकणारी टेप गुंडाळली, मागून येणाऱ्या गाड्यांना दिसावी अशी, आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी म्हणून डाव्या नळीवरही गुंडाळली. संध्याकाळी लेकीने विचारलं तेव्हा त्याने टेपेचा उपयोग सांगितला. ती म्हणाली, छान दिसतेय. तो म्हणाला, हो.

पहिल्या दिवशी लेक धुलाईघरात दहा मिनिटं आधी पोचली. चादरींच्या गाड्या ढकलणाऱ्या बायकांनी तिला विचारलं, समुद्रावर निघालीस की काय, टॉवेल आणलास का. मुकादम बाईने घड्याळाकडे बघितलं आणि काही बोलली नाही, म्हणजे बरंच बोलली. लेक घरी येऊन हे सांगत होती तेव्हा बायकोने फिटरच्या पाठीवर थाप मारली. थाप त्याला कळली, पाठ शाबूत होती. आनंद झाला का, हे त्याला सांगता आलं नसतं. चेहऱ्याने जे करायचं ते केलं.

पुढे रोज तेच. पावणेपाचला लेक जिन्यावरून सायकल उतरवायची, खिळे पायऱ्यांवर कडकड वाजायचे, आणि फिटर खिडकीशी उभा राहून मागचा लाल दिवा कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघायचा. वळला की खुर्चीत बसायचा. दोन वाजता ती परत आली की उठायचा. मधल्या वेळात तो काय करतो असं बायकोने विचारलं, तर त्याला आठवायचं नाही. सायकल घरात असली की तो तिची साखळी पुसायचा, हवा बघायचा, स्क्रू मोजायचा. टेपेला हात लावायचा नाही.

पाचव्या दिवशी लेक म्हणाली, चढावर मागून टिकटिक असं वाजतं. फिटर म्हणाला, साखळी आहे, थंडीत वाजते. साखळीला तेल दिलं. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, अजून वाजतंय. त्याने परत तेल दिलं. तिसऱ्या दिवशी ती काहीच बोलली नाही, आणि आवाज गेला की ती बोलायची थांबली, हे विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

अकरावा दिवस तिच्या सुटीचा होता. दुपारी तिने सायकल दारासमोरच्या बोळात उलटी उभी केली, कोमट पाण्याची बादली घेतली आणि मीठ धुवायला बसली. फिटर आत पेपर धरून बसला होता. बादलीचा आवाज, फडक्याचा आवाज, मग बराच वेळ कसलाच आवाज नाही.

"बाबा, जरा बाहेर येता?"

आवाज नेहमीचाच होता. तो गेला. लेक गुडघ्यांवर बसली होती. उजव्या नळीवरची टेप भिजून सुटली होती, अर्धी लोंबत होती. तिने पुसून घेतलेले हात मांडीवर ठेवले होते. ती म्हणाली की इथे काहीतरी लागतंय, तुम्ही बघता का. तो टॉर्च आणायला वळला तर म्हणाली, टॉर्च नको. आणि बादलीवर टाकलेलं फडकं तिने चाकावरून अंथरलं, दोन्ही बाजूंच्या नळ्या झाकल्या गेल्या.

मग तिने त्याचं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना तो तिचं धरायचा तसं घट्ट. फडक्याखाली त्याचा हात घातला, तर्जनी एका जागी टेकवली आणि मागेपुढे फिरवली.

"लागतेय चीर?"

फिटरने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो चेहरा त्याच्याच घरात वाढलेला होता. बोट कुठेतरी होतं. थंडी असावी, ओल असावी. त्याच्या मनात आलं की तिने बोलावलंय, टेप सुटलीय, म्हणजे चीर असणारच, आणि ती दाखवायलाच तिने बोट धरलंय.

"लागतेय," तो म्हणाला. "बारीक आहे. रंगाची असेल."

लेकीने फडकं काढलं. त्याचं बोट डाव्या नळीवर होतं, जिथे टेप अजून घट्ट, कोरडी आणि गुळगुळीत होती. चीर पलीकडे, उजव्या बाजूला. रेघ आता केसाएवढी राहिली नव्हती. नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत गेली होती आणि तिच्या कडांना काळं धरलं होतं.

बायको दारात आली होती. कोणाला काय झालं हे तिने विचारलं नाही. नवऱ्याचं बोट कुठे आहे आणि चीर कुठे आहे हे तिने एकदा बघितलं, मग फुटलेले कप मोजत असावी तशी नुसती उभी राहिली.

फिटरने हात मागे घ्यायला बघितला. मनगट सुटलं नाही.

लेक म्हणाली की काल उतारावर मी पायडल उलटं दाबलं तेव्हा चाक एका बाजूला सरकलं, पाठीमागून वाळूचा ट्रक येत होता. हे तिने तसंच सांगितलं, उद्या हवा ढगाळ आहे असं. फिटरने मान हलवली. त्याला रडू यायला हवं होतं, आलं नाही. बोटांतला बधिरपणा वर चढत कुठपर्यंत आलाय याचा त्याने मनातल्या मनात अंदाज घेतला, आणि शोध सोडून दिला.

तो म्हणाला, उद्या तू जाशील कशी?

"उद्याचं माझं मी बघते," लेक म्हणाली. "हात कधीपासून गेलेत, ते आईला सांगा. मला दुसरं सांगा. टेप लावलीत तेव्हा रंग आहे असं वाटलं होतं, की धातू आहे हे माहीत होतं?"

फिटरने बादलीकडे बघितलं. बादलीतलं पाणी गार झालं होतं, तळाशी मीठ-मातीचा गाळ बसला होता.

"बाबा, मी विचारतेय. रंग की धातू?"