पहिल्या पानावरचा मसाला

मित्रांनो, मी एक दमलेली वेबसाइट आहे. वय वर्षं तेरा. हसू नका! माणसांत तेरा म्हणजे नुकतं कुठे मिसरूड फुटायचं वय, पण आमच्यात तेरा वर्षं टिकलेली शोधून दाखवा. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी केव्हाच गेल्या. त्यांचं दार ठोठावलं तर 'हे पान सापडत नाही' एवढंच उत्तर येतं. मी अजून आहे, कारण लालबागची एक बाई दर वर्षी न चुकता पैसे भरून माझं नाव राखते. तिचं नाव अंबिका. तिच्याबद्दलच सांगायचं आहे, पण आधी थोडं माझं ऐका.

अंबिकाचे सासरे दत्तूमामा. लालबागमध्ये त्यांचं मसाला कांडपाचं दुकान. तिथली रीत अशी, की गिऱ्हाईक मिरच्या आणि गरम मसाला घेऊन येतं, तिथेच भाजून घेतं, आणि यंत्राच्या मुसळाखाली आपला मसाला कुटून होईपर्यंत समोरच्या बाकावर ठाण मांडून बसतं. चहा बाकावरच येतो, पण बाक कोणी सोडत नाही. आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिरची मिसळली तर?

मामांचा भाचा अभय तेव्हा नुकताच कॉम्प्युटर शिकला होता. गणपतीच्या सुट्टीत त्याने मला घडवलं. पिवळ्यावर लाल अक्षरं, वर सरकत जाणारं 'सहर्ष स्वागत', दुकानाचा एक फोटो, फोन नंबर, आणि तळाशी आजवर किती जण येऊन गेले त्याचा आकडा. मामांनी दुकानातल्या कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला आणि चष्मा वर करून मला न्याहाळलं. "माका यातला काय कळणा नाय," ते म्हणाले, "पण फोटो बरो इलो हा."

पहिली सात वर्षं मी सुखात होते. दिवसाला चार माणसं यायची, त्यात दोनदा अभयच. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर उघडी असायची. खकाणा उडायचा, गिऱ्हाइकं शिंकायची, मामा प्रत्येकाला घरची ख्यालीखुशाली विचारायचे. मामांची एक गोष्ट मी तेव्हाच हेरली होती. कुठल्या घरी बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, शेवटी काय पडतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. पण एका घरचं माप दुसऱ्या घरी कधी गेलं नाही. सख्ख्या जावांनी एकमेकींचं माप विचारलं तरी मामा नुसते हसायचे आणि यंत्र चालू करायचे. त्या आवाजात पुढचं बोलणंच बुडून जायचं.

मग दिवस फिरले. चाळी पाडून टॉवर उभे राहिले आणि गिऱ्हाइकं विरार-बदलापूरला पांगली. त्यातच ती टाळेबंदी आली, नेमकी कांडपाच्या दोन महिन्यांत. त्या दोन महिन्यांवर दुकानाचं वर्ष निघतं. मामांनी अंथरूण धरलं. पडल्या पडल्या त्यांनी सगळ्या घरांची मापं सुनेला सांगितली, तिने ती एका वहीत लिहून घेतली. "आपण गेलो तर माणसांची चव जाता नये," मामा म्हणाले. "पण वही देवाजवळ ठेव हां." पुढच्या पावसाळ्यात मामा गेले.

अंबिकापुढे एकच प्रश्न होता: दुकान चालवायचं की शटर कायमचं ओढायचं. गल्लीत गिऱ्हाईक नाही, म्हणजे ते बाहेरून आणायला हवं. म्हणून तिने करी रोडच्या एका टॉवरमधून ध्रुव नावाच्या माणसाला बोलावलं. वेबसाइटी वर आणणं हा त्याचा धंदा.

"ताई, टेन्शन घेऊ नका," ध्रुव म्हणाला. "आज दुकान गल्लीत नसतं, गूगलच्या पहिल्या पानावर असतं. दुसऱ्या पानावर कोण जातं सांगा?"

"आणि आम्ही कितव्या पानावर आहोत?"

"नवव्या."

अंबिकाने कपाळाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर माझे जे हाल झाले, ते काय सांगू! ध्रुवने माझ्या प्रत्येक ओळीत 'लालबाग मसाला' कोंबला. 'लालबाग मसाला म्हणजे लालबागचा मसाला, लालबाग मसाला हवा तर लालबागमध्ये लालबाग मसाला.' वाचणाऱ्याला उचकी लागावी! माझ्या तळाशी त्याने पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दादर, परळ, गिरगाव, ठाणे, पुणे अशी शंभर गावं लिहिली. माणसाला दिसू नयेत, पण शोधणाऱ्या यंत्राने वाचावीत म्हणून. गाद्या विकणाऱ्या आणि केसांचे टोप विकणाऱ्या वेबसाइटी ध्रुवकडून पैसे घेऊन माझा दुवा देत माझ्याकडे बोट दाखवू लागल्या. मसाल्याचा आणि टोपाचा काय संबंध? पण ध्रुव म्हणाला, "ओळखी लागतात, ताई." त्या भाड्याच्या ओळखी गूगलपुढे लगेच उघड्या पडल्या आणि मी नवव्या पानावरून चौदाव्यावर गेले.

ध्रुव खजील झाला. पोरगा मनाचा वाईट नव्हता. ते सगळं त्याने निस्तरलं, लपवलेली गावं पुसली आणि म्हणाला, "आता सरळ रस्त्याने जाऊ. दर आठवड्याला एक लेख द्या. जे दुसऱ्या कोणाकडे नाही ते लिहा. खरं, तुमचंच."

दुसऱ्या कोणाकडे नाही असं आपल्याकडे काय आहे? अंबिका दोन दुपारी विचार करत बसली. तिसऱ्या दुपारी ती घरी गेली आणि देवाजवळची वही घेऊन आली.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण आमचं काम पडलं जे मिळेल ते दाखवायचं. तिने बारा घरांची मापं लिहिली. नावांसकट, कारण नावाने खरेपणा येतो असं तिला वाटलं. त्या घरांचा मानच होईल, असंही वाटलं. तेराव्या घराला हात घालण्याआधीच काम झालं होतं. आनंदीबाईंच्या मसाल्याचं पान सगळ्यांत जास्त चाललं. आनंदीबाई म्हणजे दुकानाचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, होळी झाली की पहिल्या दिवशी पहिला नंबर त्यांचा. त्यांच्या मसाल्यात शेवटी मूठभर उकडे तांदूळ पडत, काळेभोर भाजलेले. गिरणीच्या संपात धणे परवडेनात, म्हणून त्यांच्या सासूने ते घालायला सुरुवात केली, हे मामांकडून कळलेलंही अंबिकाने लिहिलं. ध्रुवने वर मथळा दिला: 'गरिबीतून जन्मलेला मसाला'.

लोकांनी तो उचलून धरला. नागपूरहून, बडोद्याहून, दुबईहून माणसं माझ्याकडे धावत आली. मी चौदाव्या पानावरून पहिल्यावर आले, तिसऱ्या नंबरावर! ध्रुव पेढे घेऊन आला. अंबिकाने एक पेढा मामांच्या फोटोपुढे ठेवला. यंत्र पुन्हा दिवसभर धडधडू लागलं. मला मात्र धाप लागली होती.

होळी झाली. पहिल्या दिवशी आनंदीबाई आल्या, पण हातात मिरच्यांची पिशवी नव्हती.

"काकी, मिरच्या कुठायत?" अंबिकाने विचारलं. "बसा, चहा मागवते."

"चहा नको." त्या उभ्याच राहिल्या. "आमच्या नातीचा, मेघनाचा साखरपुडा झाला गो, गिरगावात. व्याहीण हसत हसत म्हणाली, तुमचा तो गरिबीतला तांदळाचा मसाला ना, वाचला आम्ही मोबाईलवर."

"मग? चांगलंच म्हणाल्या ना त्या?"

"कौतुकच केलंन. पण माझी मान काय वर होईना." आनंदीबाईंचा आवाज चिरकला. "तांदूळ आम्ही हौसेने नाय घातले. पोरांना कळू नये म्हणून सासू लपून भाजायची. त्यांना वाटायचं, आपल्या घरचा मसालाच असा. अजून त्यांना तसंच वाटत होतं. दत्तूला सांगितलं, कारण कुटणाऱ्यापासून काय लपतं? एवढ्या वर्षांत त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाय. आणि तू? झाकली मूठ होती ती आमची."

आनंदीबाई पदर खोचून चालू लागल्या. तिथून तीन दुकानं सोडून दुसरं कांडप आहे, पण त्या तिथेही गेल्या नाहीत. त्या वर्षी त्यांच्या घरी मसाला कुटलाच गेला नाही.

अंबिकाने तिथल्या तिथे ध्रुवला फोन लावला. "ती बाराही पानं काढ."

"ताई, डोकं फिरलंय का? त्याच पानांवर तर आपण वर आहोत. काढली तर पुन्हा चौदाव्यावर!"

"जाऊ दे."

"सीझन आहे, ताई. दुकानाचा विचार करा."

"दुकानाचाच करतेय."

पानं गेली. मी धाडकन खाली आले. मित्रांनो, खरं सांगते, खाली येताना मला हायसं वाटलं. पण गेलेलं सगळं परत कुठे येतं? आनंदीबाईंच्या पानाच्या नकला तोवर आठ ठिकाणी झाल्या होत्या. अंबिकाने आठही जणांना हात जोडून लिहिलं. दोघांनी काढलं, बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही. मग ती वहीतली बारा पानं फाडून बारा घरी स्वतः गेली. एका घरी तिला दरवाज्यातून परत पाठवलं. एका घरी सून म्हणाली, "अहो, आमचं नाव झालं, तुम्ही उगाच मनाला लावून घेता." आनंदीबाईंनी आपलं पान घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं, पाणी विचारलं नाही.

वर्ष कसंबसं निघालं. पांगलेल्यांपैकी काही जण फोन करून यायचे, दुबईचं कोणी फिरकलं नाही. ध्रुव अधूनमधून येऊन मला धड करून जायचा. आता माझ्यावर दुकानाची वेळ आहे, पत्ता आहे, कोणती मिरची केव्हा आणावी आणि किती वाळवावी ते आहे, आणि मामांचा तो जुना फोटो. त्या बळावर मी सहाव्या पानापर्यंत सरकले आहे. हळूहळू चाललंय, पण आता कोंबाकोंबी नाही.

यंदा होळी झाली. पहिल्या दिवशी अंबिकाने शटर वर केलं आणि बाहेर आनंदीबाई उभ्या. हातात पिशवी.

मिरच्या भाजल्या, धणे भाजले, मुसळं सुरू झाली. आनंदीबाई बाकावर बसून होत्या. शेवटचं घालायची वेळ आली तशी त्यांनी हात वर केला. अंबिकाने यंत्र थांबवलं.

"तू जरा बाहेर जा," आनंदीबाई म्हणाल्या.

स्वतःच्या दुकानातून, स्वतःच्या यंत्रापासून! अंबिका मान खाली घालून पायरी उतरली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे डोळे मिरचीच्या खकाण्याने भरले की कशाने, ते तिलाच ठाऊक.

आनंदीबाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यांची पाठ दरवाज्याकडे होती. गल्ल्यावरचा कॉम्प्युटर काही त्यांच्या ध्यानात आला नाही. त्यांनी उखळात काय टाकलं, किती टाकलं, आणि टाकताना पुटपुटून काय म्हणाल्या, ते सगळं मी पाहिलं. यंदा तांदूळ नव्हते, एवढंच सांगते.

मग त्यांनी हाक मारली, "अंबिका, ये गो. सुरू कर."

मित्रांनो, माझ्यासारख्या वेबसाइटला तुम्ही जे द्याल ते ती जगाला दाखवेल. नको म्हणणं तिला येत नाही. म्हणून देण्याआधी, ज्याचं आहे त्याला विचारा. मी तर आता फार दमले आहे. कोणी विचारतात, लालबागला एका आजीच्या मसाल्यात शेवटी काय पडतं? माझ्याकडे दुकानाची वेळ आहे, पत्ता आहे, फोन आहे. ते मी कोणालाही देईन. आनंदीबाईंचं मला विचारू नका. मी सांगणार नाही.