ओसरीखालची माती

बरणीचं झाकण कट्कन उघडलं. दुपारच्या निजलेल्या घरात तेवढाच आवाज. व्हर्नेलने चटकन मागे वळून पाहिलं आणि सातव्या महिन्याचं पोट सावरत भाजलेल्या पांढऱ्या मातीचा एक खडा दाढेखाली धरला. मिसिसिपीतल्या त्या गावात दिवस गेल्यावर माती कोण खात नव्हतं? टेकडीच्या पोटातून खणून आणायची, मीठ-व्हिनेगर लावून ओव्हनमध्ये भाजायची. सासूने खाल्ली, सासूच्या आईनेही. फक्त बोलायचं नाही. शहरातले लोक 'मातीखाऊ' म्हणून हसतात.

दारात सहा वर्षांची पर्ली उभी होती.

"मम्मा, मला?"

"तुझ्यासाठी नाही ती. जा, पिल्लांशी खेळ."

ओसरीखाली कुत्री व्याली होती. तिथली माती मऊ, गार, आणि तिथे पर्लीला अडवणारं कोणी नव्हतं. व्हर्नेलने दोनदा पोरीचं मातीने भरलेलं तोंड पुसलं होतं आणि दोन्ही वेळा कोणाला सांगितलं नव्हतं.

एप्रिलमध्ये शाळेतून चिठ्ठी आली : पर्लीला उजव्या डोळ्याने फळा दिसत नाही. गावच्या दवाखान्यात नर्सने सहज विचारलं, "मुलगी माती वगैरे खाते का हो?"

बाकावर चर्चमधल्या दोघी बसल्या होत्या.

"आम्ही काय तसले लोक वाटलो तुम्हाला?" व्हर्नेल म्हणाली.

नर्सच ओशाळली. पर्ली आईच्या तोंडाकडे बघत राहिली. चष्म्याचा नंबर घेऊन मायलेकी घरी आल्या.

चष्म्याने काही झालं नाही. सप्टेंबरात, तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन, व्हर्नेल जॅक्सन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसली. सोबत पर्ली आणि सासू; सासूला सगळं गाव मानाने 'मिस अर्लीन' म्हणायचं.

"पिल्लांच्या पोटातल्या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात," बाई म्हणाल्या. "मुलांच्या पोटात गेली की त्यांतली अळी अंगात कुठेही फिरते. हिच्या डोळ्यात शिरली, मागच्या पडद्यावर व्रण झालाय. माती खायची का ही?"

"छे, आमच्याकडे असलं काही—" मिस अर्लीन सुरू झाल्या.

"खायची," व्हर्नेल म्हणाली. "माझं बघून. मीही खाते. तुम्हीही खाल्लीत, मिस अर्लीन."

बाईंनी मान खाली घातली. "एप्रिलमध्येच कळलं असतं तर सूज तरी आवरली असती. गेली ती नजर आता परत येणार नाही."

सगळ्या गाडीत बसून परत निघाल्या. मिस अर्लीन पुटपुटल्या, "परक्या बाईपुढे लाज काढलीस."

"रविवारी चर्चमध्ये सगळ्यांपुढे काढणार आहे. ओसऱ्यांखाली जाळ्या ठोका, पिल्लांना जंताचं औषध द्या, पोरांना तपासून आणा, असं सांगणार आहे."

"हसतील तुला."

"हसू देत. आपापल्या पोरांचे डोळे बघून हसू देत."

मागच्या सीटवरून पर्लीने विचारलं, "मम्मा, त्या नर्सबाईंनी विचारलं तेव्हा मी हो म्हणणार होते. तू 'नाही' का म्हणालीस?"