उष्टं रक्त

घाबरू नका, मी नुसता डगला आहे. बाहेरून काळा, आतून लाल, मानेला उंच ताठ कॉलर. मला घालून कुणी दोन्ही हात वर केले की तुम्ही लगेच ओळखता, रक्त पिणारा आला. मी मात्र आजवर कुणाचा थेंबभरही घेतलेला नाही. उलट यंदाच्या गणपतीत जे झालं, त्यानं मीच असा हादरलोय की अजून माझी घडी नीट बसत नाही.

माझा जन्म सांगलीचा. तिथं धन्यकुमार काकांचं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगला, नाटकांना, मिरवणुकांना लागणारे कपडे ते भाड्यानं देतात. राम, मावळे, परी, वाघ, पोलीस सगळे तिथं एकाच दोरीवर लटकतात. मग लोक येऊन विचारायला लागले, "काका, ते रक्त पिणाऱ्याचं हाय का?" तसं काकांनी काळं सॅटिन आणलं आणि गुंडा शिंप्याकडं दिलं. त्यानं विचारलं, "माप कुणाचं घ्यायचं?"

"कुणाचं बी घे," काका म्हणाले. "ह्यो सगळ्यांनाच बसला पायजे."

मी मूळचा कुठला, तेही काकांच्याच तोंडून कळलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी परदेशात एक कादंबरी निघाली होती. दूरच्या डोंगरातल्या किल्ल्यावर राहणारा एक सरदार, दिवसा पेटीत निजायचा आणि रात्री माणसांचं रक्त प्यायचा. तिच्यावर नाटकं झाली, सिनेमे झाले, मग कार्टून झाली. माझी कॉलर तर पुस्तकात नव्हतीच म्हणे, ती नाटकवाल्यांनी लावली. काकांनी ते पुस्तक वाचनालयातून आणून वाचलं होतं. मला अंगावर घेतलेल्या कुणीही ते वाचल्याचं मला माहीत नाही.

आणि तरी सगळ्यांना सगळं येत होतं, याचंच मला नवल वाटायचं. शिरवळच्या एका गॅदरिंगमध्ये मला घातलेलं चौथीतलं पोर, जत्रेतल्या भूतबंगल्यातला माणूस, दातांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला दारात उभा केलेला भाडोत्री नट, सगळे तसेच हात पसरायचे, तसेच सुळे दाखवायचे. पाटणकडच्या एका ग्रामपंचायतीनं तर मला डेंग्यूच्या पथनाट्यात नेलं. तिथं मी डास होतो. लोकांना तेही पटलं.

काका जैन. कांदा-लसूण खात नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. लोक त्यांना चिडवायचे, "काका, तुमी बटाटा खात न्हाई आन् रक्त पिणारा भाड्यानं देता?"

"आवं, रावणाची दहा तोंडं बी देतो मी," काका म्हणायचे. "म्हणून मी सीता पळवली का?"

पण प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बजावायचे, "ह्याला खरं रक्त लावायचं न्हाई. कोंबडीचं न्हाई, बकऱ्याचं न्हाई. गुलाबाचं सरबत लावा."

यंदा कोरेगावजवळच्या एका मंडळानं मला नेलं. त्यांचा जिवंत देखावा होता, विषय रक्तदान. रक्त पिणारा सरदार गावात शिरतो, डॉक्टर त्याला समजावतात की रक्तानं जीव वाचतो, मग तो गणपतीपुढं हात जोडतो. मंडळाचे अध्यक्ष बाळासो. सरदार झाला होता धनाजी, उंच, हडकुळा, कंपनीत कामाला जाणारा. देखाव्याबरोबर मंडळाचं रक्तदान शिबिरही व्हायचं होतं. मला बरं वाटलं. डास होण्यापेक्षा हे काम चांगलं होतं.

शिबिराच्या आदल्या दिवशी तालीम संपल्यावर पोरं चेष्टेला आली. देखाव्यासाठी आणलेली रक्ताची रिकामी पिशवी होती. बाळासो म्हणाला, "धना, हिच्यात सरबत घालून वढ की गड्या. रील लय चालंल."

धनाजीनं पिशवीची नळी तोंडाला लावली आणि डोळे मोठे करून सगळं सरबत ओढलं. थोडं हनुवटीवरून माझ्या अस्तरावर सांडलं. लालावर लाल, दिसलं काहीच नाही. सगळे पोट धरून हसले. रीलमध्ये फक्त तेवढंच होतं, मागं 'भव्य रक्तदान शिबिर'चा फलक आणि पुढं पिशवी पिणारा मी. समजावणारे डॉक्टर नाहीत, जोडलेले हातही नाहीत. रात्रीतच ती गावोगावच्या मोबाईलवर पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटा मांडल्या, बिस्किटं आणली. धनाजी मला घालून लोकांचं स्वागत करायला दारात उभा राहिला. पण कुणी फिरकलंच नाही. बायका लांबून बघायच्या आणि पदर तोंडाला लावून वळायच्या. शेवटी एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "का रं बाबांनो, पिऊन पिऊन पोट भरलं न्हाई व्हय?"

आधी मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो हसत नव्हता.

तेवढ्यात धनाजीचा फोन वाजला. त्याची बहीण राणी साताऱ्याच्या एका दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगा झाला, पण रक्त फार गेलं होतं. मी खांद्यावरच होतो, तिचा बारीक आवाज मला ऐकू आला.

"दादा, डॉक्टर रक्त चढवा म्हणत्यात. आत्या न्हाई म्हणत्यात."

आत्या म्हणजे राणीची सासू धोंडुबाई. मेंढरं राखून संसार उभा केलेली, मोठ्या आवाजाची बाई. राणीचा नवरा फौजेत, लांब सीमेवर, फोन लागत नव्हता. घरात शब्द धोंडुबाईंचाच. बाळासोनं मोटारसायकल काढली आणि धनाजी होता तसाच मागं बसला, तोंडाला पांढरी पावडर, मी पाठीवर फडफडत. रस्त्यावरची माणसं आमचे फोटो काढत होती.

वॉर्डात शिरलो तेव्हा डॉक्टरबाई रडकुंडीला आल्या होत्या. "मावशी, पिशवी तपासून तयार आहे. उशीर झाला तर हिचा जीव जाईल. राणी, तू स्वतः हो म्हणालीस तरी बास आहे." राणी सासूकडं बघायची आणि ओठ मिटून घ्यायची. तिचा चेहरा धनाजीच्या पावडरीहून पांढरा होता.

"मी रक्ताला न्हाई म्हणत न्हाई," धोंडुबाई म्हणत होत्या. "पर ह्या पिशव्यांस्नी आदी कोण तोंड लावतंय ते म्या मोबाईलवर बघितलंय. कुणाचं उष्टं रक्त माज्या सुनंच्या अंगात घालू देणार न्हाई!"

उष्टं रक्त! हे शब्द ऐकून माझी शिवणनशिवण गार पडली. ज्याच्यामुळं ही मुलगी मरायला टेकली होती, तो मी होतो, आणि मी काहीच केलेलं नव्हतं.

मग धोंडुबाईंनी वळून पाहिलं आणि किंचाळल्या, "आला! माज्या सुनंसाठी आला!" त्यांनी स्टीलचा तांब्या उचलून फेकला. तो धनाजीच्या कपाळाला लागला. बाळासो दाराआड गेला.

धनाजीनं तोंडातले खोटे सुळे काढले, माझ्या अस्तराला खसाखसा तोंड पुसलं.

"मावशी, मी धना. राणीचा भाऊ."

"धना?" त्या जवळ आल्या आणि त्याच्या गालावर एक वाजवली. "मुडद्या, तू रक्त पितूस?"

"सरबत हुतं, मावशी. गुलाबाचं. आईशप्पत."

"तू शपता घाल आन् म्या ऐकते! पिशवीतनं लाल लाल वढताना बघितलंय ह्या डोळ्यांनी!"

डॉक्टरबाई सांगत होत्या, धनाजी हात जोडत होता. धोंडुबाईंना काहीच पटत नव्हतं. राणीनं डोळे मिटले. तेव्हा धनाजीनं मला खांद्यावरून ओढून काढलं आणि उलटं करून त्यांच्यापुढं धरलं. "हितं सांडलंय बघा. चिकाट हाय. वास घ्या."

अस्तरावर एक मुंगी फिरत होती. धोंडुबाईंनी आधी मुंगीकडं पाहिलं. मग मला नाकाशी धरलं. मग अंगठ्यानं डाग चोळला आणि अंगठा जिभेला लावला. 

"ग्वाड हाय," त्या हळूच म्हणाल्या आणि मग ओरडल्या, "डाक्टरीण बाय, हुबी काय ऱ्हायलीस? लाव की पिशवी!"

पिशवी लागली. थेंब पडायला लागले. राणीला हुडहुडी भरली, तेव्हा नर्सनं तपासून बघितलं, गोळी दिली आणि पांघरायला द्या म्हणाली. धोंडुबाईंनी मलाच तिच्या पायांवर टाकलं. धनाजी खाली रक्तपेढीत रक्त द्यायला गेला आणि सुई बघून चक्कर येऊन पडला. तरी उठून त्यानं दिलं. बाळासोनंही दिलं.

संध्याकाळी राणीच्या ओठांना रंग आला. मला वाटलं, संपलं. इतक्यात शेजारच्या खाटेजवळची बाई धोंडुबाईंना म्हणाली, "ह्यो व्हिडिओ बघितला का? रक्त पित्यात मेले." धोंडुबाईंनी तिला सगळं सांगितलं, मलाही उचलून दाखवलं. ती बाई म्हणाली, "ते असंल वो. पर हितं तर पितोय की." आणि तिनं तो पुढं पाठवला.

तिच्या समोर मी एका बाळंतिणीच्या पायांवर पडलो होतो. तिला मी दिसलोच नाही. मोबाईलमधला तेवढा दिसला. या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

धन्यकुमार काकांनीही रील पाहिली होती. मला खरं रक्त लावलं असं समजून ते सांगलीहून चिडून निघाले आणि मंडळात विचारून दवाखान्यात आले होते. सगळं ऐकून खाटेशेजारच्या स्टुलावर मटकन बसले.

"काय लोक हायेत," ते म्हणाले. "आवं, त्याच पुस्तकात एका पोरीचं रक्त कमी हुतं, तवा तिला वाचवायला एकामागनं एक माणसं बाह्या वर करून सोताचं रक्त देत्यात. प्यायलेलं सगळ्या जगाला म्हाईत. दिलेलं कुणालाच न्हाई?"

मला हे माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की त्या गोष्टीत माझ्या सरदाराशिवाय कुणी लक्षात ठेवण्यासारखं नाही. आणि ती माणसं तिथंच होती. त्यांचा कपडा कुणी शिवला नाही, एवढंच.

आता मी पुन्हा दोरीवर आहे, वाघ आणि पोलिसाच्या मध्ये. राणी बाळाला घेऊन घरी गेली. रील अजून फिरते आहे. कुठल्या तरी गावात आजही कुणी ती बघून बाही खाली ओढत असेल.

मला न्यायला या. पोरं घाबरतात, हसतात, मलाही ते आवडतं. पण मला एकट्याला उभं करू नका. माझ्याशेजारी साध्या शर्टातला एक माणूस उभा करा, बाही कोपरापर्यंत दुमडलेला.